लक्षावरचा पहिला हक्क

साशंक : एकाग्रता वाढवता येते, हे विधान आज इतक्या सहजपणे केले जाते की त्यामागचे गृहीतक तपासण्याची गरज कोणालाच वाटत नाही. ते गृहीतक असे, की एकाग्रता ही मनाची सर्वसाधारण शक्ती आहे, व्यायामाने दंड पिळदार व्हावेत तशी ती सरावाने बळकट होते आणि एकदा कमावली की गणितापासून गाण्यापर्यंत कोठेही कामी येते. मानसशास्त्राने हे गृहीतक फार पूर्वीच पारखून पाहिले आहे. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही व्यक्तींना ठरावीक आकृत्यांचे क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा भरपूर सराव दिला होता. पण आकृत्यांचा आकार बदलताच त्या सरावाचा उपयोग फारच कमी होतो, असे आढळले. एका कामातले कौशल्य दुसऱ्या कामात उतरण्याच्या या क्रियेला संक्रमण म्हणतात, आणि दोन कामे जितकी दूरची तितके ते दुर्मीळ. शंभराहून अधिक वर्षांनी, म्हणजे २०१६ साली, डॅनियल सायमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांवरील संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष जवळजवळ तोच निघाला : माणूस त्या खेळात तरबेज होतो, रोजच्या आयुष्यातल्या कामांत सुधारणा झाल्याचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा खेळांची विक्री करणाऱ्या ‘लुमॉसिटी’च्या दाव्यांना आधार नसल्याचा ठपका ठेवला आणि ते प्रकरण २० लाख डॉलर भरून मिटवावे लागले. तेव्हा एकाग्रता ‘कमावण्या’ची भाषा वापरण्यापूर्वी, नेमके काय कमावले जाते, हे सांगण्याची जबाबदारी ती भाषा वापरणाऱ्यांवर येते.

अभ्यासवादी : गृहीतक चुकीचे आहे, हे मान्य, पण त्यामुळे अभ्यासाची कल्पनाच बाद ठरत नाही, कारण अभ्यासाचा विचार गंभीरपणे करणाऱ्यांनी एकाग्रतेकडे साठवून ठेवण्याची शक्ती म्हणून क्वचितच पाहिले आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० साली लिहिलेल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात स्पष्टच म्हटले आहे की, जाणीवपूर्वक दिलेले लक्ष एका दमात काही सेकंदांपलीकडे टिकतच नाही. दीर्घकाळ टिकलेले लक्ष म्हणून जे दिसते ते वस्तुतः निसटलेल्या विषयाला पुन्हा पुन्हा मनासमोर आणण्याच्या प्रयत्नांची मालिका असते. गीतेचा सहावा अध्यायही हेच सांगतो : मन जेथे जेथे भरकटेल तेथून तेथून त्याला माघारी आणावे. मन भरकटणारच नाही, असे आश्वासन तेथे नाही. पतंजलींनी अभ्यासाची जी अट घातली आहे ती दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने करण्याची. तीतही एखाद्या दिवशी कमाईची मोजदाद करण्याचा विचार नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस केवळ नाकपुड्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्या नैसर्गिक श्वासावर लक्ष ठेवायचे असते. त्या तीन दिवसांत साधकाला जे उमगते ते बहुधा हे, की मन श्वासावरून कधी सुटले हे सुटल्यानंतर बऱ्याच वेळाने कळते. सुटणे आणि कळणे यांतले अंतर कमी करत नेणे, हे अभ्यासाचे खरे स्वरूप होय. ते विषयावर अवलंबून नसते, म्हणून थॉर्नडाइक यांचा आक्षेप त्याला तितक्या जोराने लागू पडत नाही.

साशंक : इगतपुरीचा दाखला आपल्याच विरुद्ध साक्ष देतो. शिबिरात प्रवेश करताना साधकाला मोबाइल जमा करावा लागतो, पुस्तके आणि लिहिण्याचे साहित्यही जवळ ठेवता येत नाही, आणि दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन पाळावे लागते. तेव्हा लाभलेल्या शांततेचे श्रेय श्वासाला द्यायचे की कपाटात बंद केलेल्या यंत्राला, हा प्रश्न सुटत नाही. परंपरेच्या दाखल्यांबाबत आणखी एक अडचण आहे आणि ती अधिक मूलभूत आहे. योगसूत्रांत चित्ताचा विक्षेप घडवणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, मोजले आहेत : व्याधी, मनाचे जडत्व, संशय, प्रमाद, आळस, विषयांविषयीची ओढ, भ्रम, भूमिका न गवसणे आणि गवसलेली भूमिका न टिकणे. हे नऊही अडथळे साधकाच्या स्वतःच्या देहामनात उगवणारे आहेत. साधकाचे चित्त ढळावे म्हणून पगारी माणसे नेमून, कोणत्या क्षणी कोणता इशारा दिला असता ते हमखास ढळते याचा रात्रंदिवस हिशेब ठेवणारा दहावा अडथळा त्या यादीत नाही, कारण तो तेव्हा अस्तित्वातच नव्हता. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते की, माहिती ही वाचणाऱ्याचे लक्ष खर्च करते; त्यामुळे माहितीची रेलचेल झाली की टंचाई लक्षाची होते, आणि ज्याची टंचाई त्याचा बाजार उभा राहतो. पडद्यावरचे पान बोटाने कितीही सरकवले तरी त्याचा तळ येऊ नये, ही रचना एझा रास्किन यांनी २००६ साली केली आणि पुढे तिच्याविषयी जाहीरपणे खंतही व्यक्त केली. त्या पानात प्रत्येक वेळी काही मनाजोगते सापडत नाही, अधूनमधूनच सापडते. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बक्षीस केव्हा मिळेल याचा अंदाज लागत नसेल तर प्राणी कळ दाबण्याचे थांबवत नाही, हे सप्रमाण दिसले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर एकट्या माणसाला ‘मन माघारी आण’ असे सांगणे म्हणजे सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला हात न लावता नदीकाठच्या लोकांना पाणी उकळून पिण्याचा उपदेश करणे होय. पाणी उकळावे लागेलच. पण दोष कोणाचा हे त्या उपदेशात झाकले जाते.

अभ्यासवादी : दोष झाकला जाऊ नये, याविषयी दुमत नाही. मात्र २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाकडे लक्ष वेधणे येथे आवश्यक आहे, कारण तो दोन्ही बाजूंना उपयोगी आहे आणि दोन्ही बाजूंना अडचणीचाही. नोआ कॅस्टेलो आणि सहकाऱ्यांच्या या प्रयोगात ४६७ जणांना दोन आठवडे फोनवरचे इंटरनेट बंद ठेवण्यास सांगण्यात आले. बोलणे आणि साधे संदेश चालू होते, संगणकावर इंटरनेटही वापरता येत होते. या काळात सलग लक्ष टिकवण्याच्या क्षमतेत जी सुधारणा आढळली ती, वाढत्या वयाबरोबर सुमारे दहा वर्षांत होणाऱ्या घसरणीइतकी होती. कोणताही ध्यानाचा वर्ग नाही, मेंदूचा व्यायाम नाही, केवळ एक वाट बंद केली आणि लक्ष बऱ्याच अंशी परतले. इथवर हा प्रयोग आपल्या म्हणण्याला पुष्टी देतो. पण ठरलेले दिवस ही वाट खरोखर बंद ठेवू शकले ते सहभागींपैकी सुमारे एक चतुर्थांशच. आणि हे सारे स्वेच्छेने आलेले लोक होते. उरलेल्यांना कोणत्या कंपनीने धमकावले होते? ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्यांची वर्षानुवर्षे निरीक्षणे केली आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे थांबत असे, तो कालावधी अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंदांच्या आसपास आला आहे, हे त्यांच्या निरीक्षणांतले बहुचर्चित आकडे. त्यांतच आणखी एक गोष्ट आहे जिची चर्चा कमी होते : कामातले जवळजवळ निम्मे व्यत्यय बाहेरून आलेले नसतात, माणूस ते स्वतःच आणतो. घंटी वाजलेली नसताना हात फोनकडे जातो. बाहेरचा कारखाना उद्या बंद पडला तरी ही सवय शिल्लक राहील, आणि ती मोडण्याच्या कामाला अभ्यासाखेरीज दुसरे नाव नाही.

साशंक : ती सवय कोणी लावली?

अभ्यासवादी : ज्याने लावली त्याने ती मोडावी, असा न्याय सवयींच्या बाबतीत चालत नाही.

येथे दोन्ही पक्षांनी आपापली भूमिका थोडी हलवली आहे, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. सर्वसाधारण शक्ती म्हणून एकाग्रता कमावता येते, हा दावा अभ्यासवाद्याने सोडला. परिस्थिती बदलली की माणूस आपोआप सावरतो, हा दावा साशंकालाही आता पूर्णपणे करता येणार नाही. वाद आता एका विद्यार्थ्याच्या टेबलापाशी येऊन ठेपतो आणि तेथे तो अधिक कठीण होतो.

साशंक : पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी अभ्यासिका आहेत. महिन्याचे शुल्क भरून मिळते ती एक खुर्ची आणि तीन बाजूंनी फळ्या लावलेले हातभर रुंदीचे टेबल. त्या टेबलावर विद्यार्थी दहा-बारा तास बसतो. आता त्या टेबलाकडे जवळून पाहावे. फळीला चिकटवलेले वेळापत्रक, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे झेरॉक्स, पाण्याची बाटली आणि वहीवर ठेवलेला मोबाइल. राज्यसेवेच्या टिपणांची पीडीएफ टेलिग्रामवर, इतिहासाचे व्याख्यान यूट्यूबवर, चालू घडामोडी एका ॲपमध्ये, आयोगाच्या तारखा बदलल्याची बातमी मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर. ज्या साधनातून अभ्यास होतो त्याच साधनातून अभ्यास मोडतो. दोहोंमध्ये बोटाच्या एका हालचालीचे अंतर आहे. येथे वाट बंद करण्याचा उपाय चालत नाही, कारण तीच ग्रंथालयाचीही वाट आहे. आणि अपेक्षा कोणती, तर दहा-बारा तास अखंड एकाग्रतेची! नॉर्मन मॅकवर्थ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांच्या सावधानतेचा अभ्यास केला. घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा टप्प्याटप्प्याने सरकतो आणि क्वचित दुप्पट उडी घेतो. ती उडी टिपायची, असा तो प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या अर्ध्या तासातच अचूकता लक्षणीय घसरते आणि अर्धा तास काम, अर्धा तास विश्रांती अशी पाळी ठेवली तर घसरण टळते, असे त्यात दिसले. त्या खोलीत ना इंटरनेट होते ना सूचनांचा आवाज. म्हणजे मानवी लक्षाची मर्यादा फोनच्या कितीतरी आधीची आहे. ती मान्य न करता तासांची गणती वाढवली की विद्यार्थी स्वतःला कमकुवत समजू लागतो, आणि त्या न्यूनगंडातून सुटका शोधत पुन्हा त्याच पडद्याकडे वळतो.

अभ्यासवादी : मॅकवर्थ यांच्या प्रयोगातले काम जाणूनबुजून नीरस ठेवलेले होते; काट्याच्या उडीला काही अर्थ नव्हता, तिच्यातून पुढचा विचार फुटत नव्हता. ज्या कामाला स्वतःचा डौल आहे, ज्यात एक पायरी पुढच्या पायरीकडे नेते, तेथे लक्षाची मर्यादा बरीच मागे ढकलता येते. याचे सर्वांत विस्मयकारक उदाहरण भारतीय परंपरेतच आहे, आणि ते व्यत्ययाच्या प्रश्नाला थेट भिडते, म्हणून त्याचा थोडा विस्तार करणे योग्य ठरेल. आपल्याकडे एकाच वेळी चौफेर ध्यान ठेवणाऱ्याला अष्टावधानी म्हणतात. आंध्र आणि तेलंगणात मात्र अष्टावधान हा आजही जिवंत असलेला कलाप्रकार आहे. सभेत अवधानी मध्यभागी बसतो आणि आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, त्याच्या भोवती. एक पृच्छक वरवर असंबद्ध किंवा अनुचित वाटणारी ओळ देतो आणि तिला अर्थ येईल असा श्लोक मागतो. दुसरा चार शब्द देऊन ते अमुक विषयावरच्या श्लोकात गुंफायला सांगतो. तिसरा प्रत्येक अक्षरानंतर पुढचे कोणते अक्षर वापरायचे नाही याचा निषेध घालत जातो. आणखी एक जण एखाद्या वाक्याची अक्षरे क्रम मोडून मधूनमधून पुरवतो. कोणी अधूनमधून घंटा वाजवतो आणि शेवटी एकूण टोले किती झाले ते अवधान्याने सांगायचे असते. अवधानी एकेका पृच्छकाला श्लोकाचा पहिला चरण देत फेरी पुरी करतो, मग दुसऱ्या फेरीत दुसरा चरण, अशा चार फेऱ्या. आणि शेवटी सगळे श्लोक पहिल्यापासून अखंड म्हणून दाखवतो. या शेवटच्या पठणाला धारणा म्हणतात. या साऱ्यात एका पृच्छकाचे काम केवळ व्यत्यय आणण्याचे असते. अप्रस्तुत प्रसंग असे त्या भूमिकेचे नाव. अवधानी श्लोकाच्या ऐन मध्यावर असताना त्याने गावगप्पा काढायच्या, थट्टा करायची, भलताच प्रश्न टाकायचा, आणि अवधान्याने त्यालाही हजरजबाबी उत्तर देऊन सुटलेला धागा जेथल्या तेथे उचलायचा. ज्या परंपरेने व्यत्ययालाच सभेत मानाचे आसन दिले, तिला एकाग्रता ही निर्जन गुहेतच राहू शकते असे वाटत नव्हते. व्यत्ययातून परतण्याची कला शिकवता येते, हे तिने शतकानुशतके दाखवून दिले आहे.

साशंक : हे उदाहरण खरोखर सुंदर आहे, आणि म्हणूनच ते नीट वाचले पाहिजे. अवधानी आठ गोष्टी एकाच क्षणी करत नाही. तो एकामागून एक करतो आणि प्रत्येक थांब्यावर श्लोकाचा एक चरण पूर्ण झालेला असतो. वृत्ताच्या मात्रा आणि गण त्याच्या स्मृतीला आधार देतात. सोफी लेरॉय यांनी २००९ साली मांडलेल्या संशोधनात असे दिसते की, अर्धवट सोडलेल्या कामातून दुसऱ्या कामाकडे वळणाऱ्या माणसाचे काही लक्ष आधीच्या कामातच गुंतून राहते. त्याला लेरॉय लक्षाचा अवशेष म्हणतात. आधीचे काम निश्चित टप्प्यावर आणून सोडले तर हा अवशेष कमी राहतो. अवधानाची चरणाचरणांची रचना हेच साधते. फोनवरचा संदेश मात्र वाक्याच्या मध्यावर येतो आणि वाचणाऱ्याला कोणताही चरण पूर्ण करू देत नाही. दुसरे असे, की अप्रस्तुत प्रसंगी बोलणारा समोर बसलेला असतो, त्याचा चेहरा दिसतो, तो स्वतः रसिक आणि जाणकार असतो, आणि अवधानी यशस्वी झाला तर त्यालाही आनंदच होतो. सभेला शेवट असतो. ज्या व्यत्ययाविषयी आज बोलले जाते त्याला चेहरा नाही, शेवट नाही, आणि माणूस धागा पुन्हा उचलण्यात यशस्वी झाला तर त्या व्यवसायाचे नुकसानच होते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अवधान्याने लहानपणापासून काव्य, व्याकरण, पुराणे यांचा जो साठा केलेला असतो, त्याविना त्याची एकाग्रता एक क्षणही उभी राहणार नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर केलेले प्रयोग हेच सांगतात : खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी मांडतो, पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या तर तो नवशिक्याच्या जवळपास येऊन ठेपतो. म्हणजे एकाग्रता विषयाच्या ज्ञानात राहते. विषयापासून तोडलेली, नुसती एकाग्रता कोठेही शिकवता येत नाही, या पहिल्या आक्षेपापाशीच हे उदाहरण परत आणून सोडते.

अभ्यासवादी : मग आक्षेपाचे रूपांतर सूचनेत का करू नये? एकाग्रता विषयाच्या ज्ञानात राहत असेल, तर ती वाढवण्याचा मार्ग एखाद्या विषयात खोलवर जाणे हाच आहे, आणि त्यासाठी सलग वाचन लागते. पाब्लो देलगादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ५४ संशोधनांचा एकत्रित अभ्यास केला. त्यांतल्या वाचकांची संख्या १ लाख ७० हजारांहून अधिक होती. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर वाचला असता आकलन अधिक चांगले होते, आणि वाचनाला वेळेची मर्यादा असेल तर हा फरक वाढतो, असे त्यातून दिसले. अभ्यासिकेतल्या त्या टेबलावरचे झेरॉक्स म्हणूनच मोबाइलमधल्या पीडीएफपेक्षा मोलाचे आहेत; पानाला वरची कड आहे, खालची कड आहे, आणि त्यावर पेन्सिलीने केलेली खूण दुसऱ्या दिवशी त्याच जागी सापडते. कोस्टादिन कुश्लेव्ह, निकोलस फिट्झ आणि सहकाऱ्यांच्या २०१९ सालच्या प्रयोगात, फोनवरच्या सूचना दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकत्र मिळालेल्या लोकांना अधिक बरे वाटले, तर सूचना पूर्णच बंद केलेल्यांची अस्वस्थता वाढली. त्यामुळे संपूर्ण त्यागाचा आग्रह धरण्याचेही कारण नाही. वेळेला कड असावी, मजकुराला कड असावी, एवढे साधले तरी अभ्यासाला पाय ठेवायला जागा मिळते. आणि ही कड एकट्याने आखता येत नसेल तर गावाने आखावी. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ते करून दाखवले आहे. कोरोनाकाळात शाळा फोनवर भरू लागल्या, शाळा पुन्हा उघडल्या तरी मुलांच्या हातचा फोन सुटेना आणि घरोघरी दूरदर्शन संच चालू. तेव्हा गावातल्या स्त्रियांच्या सभेत विषय मांडला गेला आणि २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून नेम सुरू झाला. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद होतात, आणि ८.३० पर्यंत मुलांचा अभ्यास, मोठ्यांचे वाचन किंवा एकमेकांशी बोलणे चालते. आरंभी काहींनी हे हसण्यावारी नेले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर गेले आणि नेम रुळला. एकट्या माणसाचा निश्चय जेथे तीन चतुर्थांश वेळा ढासळतो, तेथे शेजाऱ्याच्या घरातला टीव्ही बंद असणे हा फार मोठा आधार ठरतो.

साशंक : वडगावचे उदाहरण मनापासून आवडण्याजोगे आहे, आणि आतापर्यंतच्या दाखल्यांत तेच एक असे आहे की ज्यात माणसाला त्याच्या दुबळेपणाबद्दल बोल लावलेला नाही. तरीही ते काय सिद्ध करते, याचा विचार व्हावा. पहिली गोष्ट : तेथे कोणाचीही एकाग्रता वाढवलेली नाही, दीड तासापुरती ती मागणाऱ्यांची संख्या कमी केली आहे. दुसरी : घरोघर जाऊन फोन बंद ठेवण्याचे आवाहन करणाऱ्या आशा सेविकांचे काम आज कोठेही पाहिले तरी मोठ्या प्रमाणावर फोनवरूनच चालते. गरोदर स्त्रीच्या नोंदी, लसीकरणाची माहिती, वरिष्ठांच्या सूचना, सारे व्हॉट्सॲपच्या गटांतून आणि ॲपमधून. रात्री उशिरा आलेल्या संदेशाला उत्तर दिले नाही तर त्याची विचारणा होऊ शकते. शहरात जेवणाचे डबे आणि सामान पोहोचवणाऱ्या तरुणाने घंटी वाजताच काही क्षणांत काम स्वीकारले नाही, तर ते दुसऱ्याकडे जाते. त्याच्यापुढे एकाग्रतेचे महत्त्व सांगणारे पुस्तक ठेवले तर त्याने त्याचे काय करावे? कामाची वेळ संपल्यावर मालकाच्या संदेशाला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. भारतात असाच हक्क मागणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून विषयाचा खरा गाभा असा दिसतो : लक्ष ही अभ्यासाने घडणारी गोष्ट असली, तरी घडवण्यासाठी लागणारा मोकळा वेळ सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. ज्याला फोन बाजूला ठेवणे परवडते त्याच्याच वाट्याला अभ्यास येतो, आणि मग त्या अभ्यासाला गुण मानून, तो नसलेल्याला अवगुणी ठरवले जाते.

अभ्यासवादी : ही विषमता खरी आहे, आणि अभ्यासाची शिफारस करणाऱ्या बहुतेक लेखनाने तिच्याकडे पाठ फिरवली आहे, हेही खरे. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष अभ्यासाच्या विरोधात जात नाही. ज्याला कायद्याने संध्याकाळ मोकळी करून दिली, त्याच्यापुढे त्या संध्याकाळी दोन वाटा असतील, आणि तेव्हा ग्लोरिया मार्क यांनी नोंदवलेला तो न वाजलेल्या घंटीकडे जाणारा हात त्याच्याही खांद्याला असेल. हक्क मिळाला म्हणजे हक्क वापरण्याची क्षमता आलीच असे नाही. वडगावच्या भोंग्याच्या दीड तासात वाढलेली मुलगी उद्या पुण्याच्या अभ्यासिकेत येईल. तेथे सातला भोंगा वाजणार नाही, शेजारच्या टेबलावरचा मुलगा चित्रफिती पाहत असेल, आणि तिची टिपणे फोनमध्ये असतील. तीन-चार वर्षे रोज संध्याकाळी फोनविना बसल्यामुळे, फोनविना बसता येते एवढे तरी तिला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असेल. ज्याने कधीच तसा वेळ घालवलेला नाही त्याला ही शक्यताच माहीत नसते. अभ्यासाचे संक्रमण होत नाही असे थॉर्नडाइक यांच्यापासून सांगितले जाते. पण या अनुभवाचे, या ओळखीचे संक्रमण होते की नाही, हे कोणत्याही प्रयोगशाळेत तपासलेले दिसत नाही.

साशंक : ते तपासले गेले पाहिजे, आणि उत्तर आशादायक निघाले तर ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या मुलीविषयी आणखी एक प्रश्न उरतो. वडगावात सातचा नियम गावाच्या सभेने ठरवला. कोणत्या वेळी कोणाच्या लक्षावर कोणाचा पहिला हक्क, हे तेथे उघडपणे, एकमेकांसमोर, स्त्रियांच्या पुढाकाराने ठरले. पुण्यात तिच्या लक्षावर पहिला हक्क कोणाचा, हे ठरवणारी सभा कोठे भरते? आज ती ज्या दालनांत भरते तेथे तिला बोलावलेले नसते आणि तेथला निर्णय तिला फोनच्या एका नव्या आवृत्तीच्या रूपात कळतो. तिने स्वतःचा नियम स्वतः करावा असे म्हटले, तर अभ्यासाचा सारा भार पुन्हा तिच्या एकटीवर येतो आणि वडगावने दिलेला सगळ्यात मोठा आधार, म्हणजे सोबतीचा आधार, काढून घेतला जातो. शासनाने नियम करावा म्हटले, तर तिने काय वाचावे आणि केव्हा थांबावे हे ठरवण्याचा अधिकार तिसऱ्याच कोणाच्या हाती जातो. गावाएवढी लहान, ओळखीची आणि तरीही कंपन्यांना बांधील करू शकेल एवढी समर्थ अशी सभा आज कोठेही दिसत नाही.

अभ्यासवादी : अभ्यासिकेतल्या चाळीस-पन्नास जणांची ती होऊ शकेल. कंपन्यांना बांधण्याचे सामर्थ्य तिच्यात नसेल. सातला सर्वांचे फोन एका खणात ठेवण्याचे असेल.

साशंक : आणि त्यांच्यापैकी एकाची आई गावाकडे रुग्णालयात असेल, एक जण फी भागवण्यासाठी संध्याकाळी डबे पोहोचवत असेल. त्या दोघांसाठी खण उघडा ठेवायचा की नाही, हे त्या चाळीस-पन्नास जणांना दर संध्याकाळी नव्याने ठरवावे लागेल.

अभ्यासवादी : ठरवावे लागेल, हे मान्य. वडगावातही आरंभी ते घरोघर जाऊन ठरवावे लागले.